मुठीमागची चार बोटं

वैजनाथअप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईंना त्यांच्या मुलासाठी शाळेची पँट दाखवत होतो, आणि तोंडात नेहमीचंच वाक्य होतं, "ताई, दोन इंच मोठीच घ्या, वाढतं अंग आहे." फोन ठेवला... आणि ते वाक्य पुन्हा उच्चारता येईना. लातुरात गणवेश विकता विकता माझे केस पांढरे झाले, माझा सगळा संसार या एका वाक्यावर उभा आहे, आणि हेच वाक्य कानावर पडलं की अप्पा पायरीवरूनच ओरडायचे, "झालं का चालू तुझं वाढतं अंग!" त्या दिवशी मी बाईंना बरोबर मापाची पँट दिली. मी काहीतरी फसवलंय अशा नजरेनं माझ्याकडे बघत त्या गेल्या.

याला आता सव्वा महिना झाला. इतके दिवस लिहिलं नाही, कारण दुःखानं मला लिहिता येत नाही. रागानं मात्र झकास येतं, आणि गेल्या रविवारी आमच्या पूल क्लबात पाऊल टाकलं तेव्हा तो राग मला पोत्यानं मिळाला. भिंतीवर अप्पांचा फोटो. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, फोटो काढणाऱ्यावरही चिडल्यासारखा चेहरा, त्यावर हार. इथपर्यंत ठीक. पण फोटोखाली दोन खिळ्यांवर आडवी ठेवलेली क्यू, म्हणजे आमची खेळायची काठी... ती होती अठ्ठावन्न इंची! चकचकीत, पितळी कडीची, नवरदेवासारखी. अप्पांची उंची चप्पल घालून चार फूट अकरा. ही काठी त्यांनी जन्मात कधी हातात धरली असेल तर ती दुसऱ्याच्या हातातून काढून घेण्यासाठी. ज्यानं त्यानं आपल्या मापाच्या काठीनं खेळावं म्हणून जो माणूस लातूर ते नांदेड भांडत फिरला, त्याच्याच फोटोखाली ही बेमाप काठी! आणि त्यांची स्वतःची? सांगतो. आधी अप्पा सांगतो.

लातूरच्या गोलाई बाजारामागे त्यांचं लाकूड कातायचं मशीन होतं. लाटणी, पाळण्याचे खांब, खाटेचे पाय. कधीतरी कुणी चिरलेली क्यू दुरुस्तीला आणली. "ही धरतेत कशी ते बघितल्याबिगर मी हात लावनार न्हाई," म्हणून अप्पा क्लबात आले आणि परत जायचं विसरले. हिरव्या टेबलाशी वाकलेल्या माणसांकडे ते तासन् तास बघत उभे राहात. चेंडू भोकात गेला की गेला नाही, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांचं लक्ष खेळणाऱ्याच्या मागच्या हातावर. क्लबात सगळ्या काठ्या एकाच लांबीच्या, अठ्ठावन्न इंची, आणि माणसं मात्र देवानं वेगवेगळ्या मापाची काढलेली, ही गोष्ट त्यांच्या डोळ्यांत पहिल्या दिवशी खुपली ती कायमची.

दुकानदार क्यू देताना काय करतात? गिऱ्हाइकाशेजारी उभी करतात. हनुवटीच्या खाली आली की झालं. अप्पांना याचा संताप यायचा. "काठीनं हानायचं उभं ऱ्हाऊन हाय का वाकून? मग उभ्याचं माप कशाला घेतूस?" त्यांची रीत अशी. माणसाला टेबलावर वाकवायचं. क्यूचं टोक पांढऱ्या चेंडूला टेकवायला लावायचं. मग आपण बाजूला जाऊन, एक डोळा मिटून बघायचं. त्या क्षणी मागच्या हाताचं कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड आडात सोडलेल्या दोरासारखं सरळ खाली लोंबलं पाहिजे. तशी मूठ जिथं पडेल तिथं अप्पा लाल दोरा बांधत. दोऱ्यामागं चार बोटं लाकूड उरलं तर काठी त्या माणसाची. वीतभर उरलं तर लांब, कारण मागचं शेपूट हलतं आणि पुढचं टोक नाचतं. काहीच उरलं नाही तर आखूड. पण लगेच कापायची नाही. आठ दिवस दोऱ्यावर खेळायचं, मूठ तिथंच पडते का बघायचं, आणि मगच कापायची, तीही मागच्या बाजूनं. दोनदा-तीनदा काय, पाचदा वाकवायचे. कंबर धरली म्हणालात तर, "मग घरी बस, लाटणं देतो."

आता माझं पाप. माझी मुलगी शिवानी बारा वर्षांची असताना तिला या खेळाचा नाद लागला. मी कौतुकानं क्यू आणली. कुठली आणली असेल? अहो, गणवेशवाला मी! पूर्ण अठ्ठावन्न इंची आणली. वाढतं अंग आहे, वाढेल की. यात मी एकटा नव्हतो. आमच्याकडे पोराला सायकलसुद्धा पाय न पुरणारी घेतात. त्यात आणखी एक भानगड अशी, की आखूड काठीची आमच्या क्लबात लाज. आखूड म्हणजे बच्च्यांची. अप्पा स्वतः त्रेपन्न इंची काठीनं खेळायचे, तर टगे विचारायचे, "अप्पा, लाटणं आणलं का?" माझी मुलगी अशी काठी घेऊन नांदेडच्या स्पर्धेला जाणार? मी तिचा बाप!

अप्पांनी ती क्यू बघितली आणि ते फक्त म्हणाले, "ही कोनाची हाय?"

"शिवानीची."

"तिची न्हाई. ही तुझी हाय. तुझ्या ऐटीची."

ते चार दिवस लाल दोरा घेऊन माझ्या मागे फिरले. मी कापू दिली नाही. अप्पांसकट नांदेडला गेलो. तिथल्या हॉलमध्ये शिवानीनं पहिल्या दोन फेऱ्या नुसत्या नजरेच्या जोरावर काढल्या. तिसऱ्या फेरीत शेवटचा काळा चेंडू, भोकाच्या तोंडाशी, फुंकर मारली तरी पडेल असा. ती वाकली, हात मागे घेतला आणि क्यूचं ते लांब शेपूट मागच्या खुर्चीच्या पाठीला लागलं. टोक उडालं. पांढरा चेंडू काळ्याला न शिवताच बाजूनं गेला. मागून एक नांदेडकर हळहळला, "काय करायली ही पोरगी! काठी तिला चालवायली." मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. येताना एसटीत शिवानी खिडकीकडे तोंड करून बसली. लोहा गाव मागं पडल्यावर म्हणाली, "पप्पा, मला नाही खेळायचं." अप्पा पुढच्या सीटवर होते. मला वाटलं आता शिव्या. पण ते मागे वळून तिलाच म्हणाले, "तू कुठं खेळलीस अजून? आज तुझा बाप खेळला." दुसऱ्या दिवशी तिला टेबलावर वाकवून त्यांनी दोरा बांधला आणि आठव्या दिवशी तब्बल आठ इंच कापले. कापलेला तुकडा माझ्या गल्ल्यावर आणून आपटला. "हे ठेव. ही तुझी ऐट."

पुढच्या वर्षी ती नांदेडलाच जिंकली. पुढे उंची वाढली तशा अप्पांनी तिला आणखी दोन क्यू कातून दिल्या. ती पाच फूट एक इंचावर थांबली. अठ्ठावन्न इंची क्यू तिला आजही लांबच पडली असती. वाढतं अंग, म्हणे!

तर, अप्पांची त्रेपन्न इंची काठी कुठं होती? आमच्या क्लबात एका टेबलालगत खांब आहे. तिथून मारताना लांब क्यू मागे अडते, म्हणून अशा वेळी वापरायला एक आखूड काठी लागते. कोपऱ्यात, झाडूशेजारी, खांबासाठीची काठी म्हणून ती उभी होती! मी रविवारी ती बघितली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून, गळ्यात टेप तसाच अडकवलेला, शिवानीला घेऊन क्लबमालक मन्मथसमोर जाऊन उभा राहिलो.

"मन्मथ, ही फोटोखाली कुणाची काठी?"

"अप्पाचीच समजा की. भरदार दिसायली. त्यांची लावली तर लाटणं टांगल्यावानी दिसंल. आन् फोटोखाली कोन मोजायलंय?"

"मी मोजायलोय!" मी टेप सर्रकन काढला. खेळणारे थांबले. लग्नात मुलीच्या बापानं करू नये असं तावातावाचं भाषण मी त्या भिंतीसमोर केलं. मन्मथ मऊ झाला. "काढा मग. तुम्हीच काढा."

अठ्ठावन्न इंची क्यू खाली घेतली. माझ्या मनात खरं तर वेगळंच होतं. अप्पांची काठी शिवानीनं वापरावी. मी ती कोपऱ्यातून आणून तिच्या हातात दिली, म्हणालो, "बघ गं घेऊन." ती टेबलावर वाकली, टोक पांढऱ्या चेंडूला टेकवलं... बाजूला एक डोळा मिटून बघणारं कुणी नव्हतं. तिनं स्वतःच मान वळवून मुठीकडे पाहिलं. "पप्पा, मागं काहीच उरत नाही. ही माझी नाही. अप्पांचीच आहे."

मग फोटोखालीच. पण खिळे अठ्ठावन्नच्या हिशोबानं दोन टोकांना ठोकलेले. त्रेपन्न इंची काठी त्यांवर बसेना. मन्मथनं उजवा खिळा उपटला, हातोडी घेतली, आणि माझ्या तोंडून, चाळीस वर्षांच्या सवयीनं, निघून गेलं, "जरा लांबच ठोका, दोन इंच राहू द्या..."

शिवानी माझ्याकडे वळली. "पप्पा, अप्पा आता वाढायचे नाहीत."

मी टेप गुंडाळून खिशात ठेवला. पितळी कडीची ती क्यू मी मन्मथकडून खांबासाठी कापून घेतली, तेवढा सूड मी घेतलाच. जुन्या खिळ्याचं भोक भिंतीत तसंच आहे. नव्या खिळ्याची जागा शिवानीनं दाखवली, काठीवर चार बोटं आडवी ठेवून. आता त्या खिळ्याच्या पलीकडे, मुठीच्या बाजूला, लाकूड तेवढंच उरतं.