मुळं बुडवण्याआधी थांबलेली बादली

मित्रांनो, आज सकाळी धामणगाव बढ्याच्या शेतात आमच्या वहिनींची मिरचीची लावण होती. त्यांचं वर्षभराचं सगळं या मिरचीवर. यंदा माझ्या आग्रहाखातर त्यांनी रोपांच्या मातीत मायकोरायझा, म्हणजे मुळांना मदत करणारी बुरशी, मिसळली होती.

मी पोचलो तेव्हा वहिनी बादलीत बुरशीनाशक कालवत होत्या. आमच्याकडे मुळं त्यात बुडवूनच रोप लावतात.

"वहिनी, थांबा! आपली बुरशी मरेल!"

"काऊन? बुरशी माराले तं आणलं हे."

मी सांगितलं, ही बुरशी मुळांत राहते, झाडाकडून साखर घेते आणि लांबच्या मातीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मुळांना आणून देते.

"म्हणजे घरजावई हाये म्हना! पण कामाचा दिसते."

एकही रोप अजून बुडवलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. रोपं तशीच लावली.

बुरशी मिसळा म्हणताना पुढे काय टाळायचं, हे मी सांगितलंच नव्हतं. आता बुरशीनाशकाविना रोपं सुकवणारा मर रोग आला तर?

"आला तं तुमालेच बोलावीन, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मिरचीत मायकोरायझा वापरणाऱ्यांनो, मर रोगापासून रोपं कशी जपता?