अर्ध्या गायींना मिठाचं पाणी

त्या लसवाल्या साहेबाचा मला आजही राग येतो. माणूस हुशार होता, पण म्हणून माझा राग काही कमी होत नाही.

सत्तरच्या सुमाराला मी धुळ्याजवळच्या एका गावात गुरांचा नवा डॉक्टर होतो. संकरित गायी नुकत्याच आल्या होत्या. गावठी गाय गोचिडांना दाद देत नसे. या मात्र गोचीड चावला की तापायच्या, रक्तात जंतू शिरून पांढऱ्याफटक पडायच्या, मरायच्या. साहेबानं ताप येऊन गेलेल्या गाईच्या रक्तापासून लस बनवली होती. अर्ध्या गायींना लस टोचायची, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं, ते मालकांना सांगायचं नाही.

"आणि गोचीड काढू देऊ नका," साहेब म्हणाला. "नाहीतर लसीचा गुण कळणार कसा?"

गावातल्या अक्काच्या गाईच्या वाट्याला मिठाचं पाणी आलं. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या एका गाईच्या दुधावर चालत होतं. रोज सकाळी ती गाईच्या कानामागचे, आचळांजवळचे गोचीड एकेक करून वेचायची आणि निखाऱ्यावर टाकायची. गाय मान लांबवून उभी राहायची. मी तिला म्हणालो, "अक्का, आता इंजेक्शन झालंय. गोचीड राहू द्या." खरं सांगायला मी घाबरलो. साहेबानं लांब कुठेतरी बदली केली असती, एवढीच माझी भीती.

तीन आठवड्यांत गाय तापली. तिनं चारा सोडला, डोळे पिवळे पडले. मी औषध द्यायचं म्हणालो, तर साहेब वहीतून मान वर न करता म्हणाला, "थांबा, बघू." चौथ्या दिवशी त्याला न विचारता मी औषध टोचलं. उशीर झाला होता. गाय गेली.

लस दिलेल्या सगळ्या गायी धडधाकट होत्या. "फरक अगदी स्वच्छ दिसतोय!" साहेब म्हणाला. त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी त्याच्यासाठी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी अक्का दवाखान्यात आली. मी शिव्या खायला तयार होतो, मला त्या हव्याच होत्या. तिनं सोबत आणलेली त्याच गाईची कालवड खुंट्याला बांधली.

"डाक्टरभाऊ, तुम्ही सांगं तसंच करं मी. एक बी गोचीड काढा नही. मनंच काही चुकनं व्हई. आते हिनी मायले दिधं तेच इंजेक्शन हिले बी द्या."