वैरागडे सरांचा सर्व्हर

आमच्या धरमपेठेतल्या कोचिंग क्लासात किस्से शोधावे लागत नाहीत. आयटी हेड वैरागडे सर सकाळी आले की ते आपोआप साचायला लागतात. सर म्हणजे मालकांच्या बायकोचे भाऊ. आयटीतली त्यांची डिग्री एवढीच. हाताखाली आम्ही दोघं, मी आणि स्नेहल मेश्राम.

*

एकदा एका मास्तरांना पेपरची फाइल उघडेना. त्यांना परमिशन नव्हती. सरांनी कायमचा तोडगा काढला, "सगळ्यांले सगळं देऊन टाका ना. कटकटच नको."

पंगतीत वाढल्यासारखी सरांनी फोल्डरं वाटली. मग मौद्याच्या शाखेतल्या बाईंनी लेकाच्या बड्डेचे फोटो टेस्टच्या फोल्डरमध्ये टाकले. पोरांना पेपरसोबत केकही मिळाला.

*

सुरक्षा म्हणून सरांनी सर्व्हरच्या खोलीला मोठं कुलूप लावलं. हरवू नये म्हणून किल्ली शेजारच्याच खिळ्याला टांगली.

*

पुढे ऑपरेटिंग सिस्टिममध्येच भोक निघालं. साधं लॉगिन असलेला कुणीही आपल्या जागेवरून ॲडमिनच्या फायली बदलू शकत होता. दुरुस्तीचा अपडेट आला होता, फक्त सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवायचा होता. स्नेहल विचारायला गेली.

"बाहेरचा कोणी घुसू शकते का?"

"नाही सर. आतलाच माणूस करू शकते."

"मंग काहून घाबरून राहिल्या? आपलीच तं माणसं आहेत."

अपडेट राहिला. ती दर आठवड्याला विचारायची आणि सर दर आठवड्याला तेच सांगायचे. अशा माणसाला समजावणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, हे माझं मत तिला पटत नसे.

*

आणि मग मोठ्या टेस्टच्या आदल्या दिवशी सगळ्या प्रश्नपत्रिका उडाल्या. कोणी काय केलं याची नोंद सर्व्हर ठेवतो. त्या नोंदीत नाव होतं स्नेहलचं. ती त्या दुपारी सुट्टीवर, कामठीत घरी होती.

दुसऱ्या दिवशी आल्याबरोबर ती म्हणाली, "ती नोंदीची फाइल कोणीही बदलू शकते सर, हेच तं मी सांगून राहिली होती."

"मशीन खोटं बोलते का? उद्यापासून येऊ नका."

सरांना घाई होती, कारण मालक विचारणार होते. मला संताप आला. जिने बोंबलून सांगितलं तिलाच घरी बसवणार!

*

संध्याकाळी मालकांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. सर नोंद दाखवायला उतावीळ झाले होते. स्नेहल म्हणाली, "मीच उघडते सर. माझं लॉगिन नको, रिसेप्शनचं वापरते."

"उघडा ना. नाव तं तुमचंच निघन."

तिने शांतपणे काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन मालकांकडे वळवली. मालकांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग मेहुण्याकडे बघत म्हणाले, "काहून गा, प्रश्नपत्रिका तूच उडवल्या?"

सर स्क्रीनवर वाकले. तिथे त्यांचं पूर्ण नाव होतं, तारीख-वेळेसकट.

"जिजाजी," सर म्हणाले, "हे तं कोणीही लिहू शकते."