चार बोटं सैल

माझी मावशी फोटोतल्या बायकांना गुण द्यायची. पुरस्कार सोहळा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी साप्ताहिकाच्या कचेरीत लाल गालिच्यावरचे फोटो यायचे. ती भिंग घेऊन खिडकीशी बसायची आणि एकेका पोशाखाखाली दहापैकी आकडा आणि दोन ओळी लिहायची. वीस वर्षं शिवणकाम करून तिचे डोळे सुईत दोरा ओवण्याच्या लायकीचे उरले नव्हते. पण कापड कुठे ओढलंय, कुठे झोल आलाय, हे भिंगाखाली लपत नसे. "पाठीला चेन नाही, पिना आहेत. बाईंनी भाषण बेतानं करावं," असं काहीतरी लिहायची. वाचक अंक तिच्या पानापासून उघडत. घरात आम्ही तिला कात्री म्हणायचो.

त्या वर्षी एक मोठी अभिनेत्री जांभळ्या गाऊनमध्ये आली. कंबरेशी कापड लोंबत होतं, खांदा उतरत होता. मावशीनं दोन गुण दिले. "चार बोटं सैल. माप बाईंचं घेतलं की शेजारणीचं? शिंप्याला आधी मोजायला शिकवा."

लोक खूप हसले. मीही हसले.

आठवड्यानं तिची जुनी सोबतीण, काजंबटणं करणारी, घरी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तो गाऊन मास्तरांनी शिवला होता. डिझायनरनं तुझं पान कापून त्यांना पाठवलं आणि सगळं काम काढून घेतलं."

मास्तरांच्या कारखान्यात मावशी सतराव्या वर्षी लागली होती. कापड बेतायला तिला त्यांनीच शिकवलं. आम्ही गेलो तेव्हा ते कापायचं टेबल पुसत होते. टेबलावर कापड नव्हतं.

"या, परीक्षक बाई," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुमचं काम आहे हे माहीत नव्हतं मला."

"माहीत असतं तर किती दिले असतेस? पाच?"

मावशीनं मोकळ्या टेबलावरून हात फिरवला. मग म्हणाली, "पण सैल होता ना?"

"होता."

"तुमच्या हातून?"

"माप बरोबर होतं."

"मग शेवटच्या ट्रायलला..."

"ट्रायल झाली नाही. माप बरोबर होतं, एवढंच सांगतो."

त्या कारखान्यात मापाच्या वहीत नाव नसे, नुसता नंबर. कुणाला दिवस गेलेत, कुणाचा एक खांदा पडलाय, कोण कुठे कापूस भरतं, हे शिंप्याला घरच्यांच्या आधी कळतं. आणि कळलेलं पोटात ठेवायचं, ही मास्तरांची पहिली शिकवण. मावशीचा चेहरा हळूहळू उतरला.

"फार आजारी आहेत का हो त्या?"

"चहा घेणार?" मास्तरांनी विचारलं.

रस्त्यावर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "माप सोहळ्याआधी दीड महिना घेतात. तेवढ्यात बाई चार बोटं वाळली. आणि मी भिंग लावून गाऊन बघत बसले."

तिनं पुढच्या अंकासाठी लिहून दिलं: जांभळ्या गाऊनचं माप बरोबर होतं. चूक माझी. शिवणीला दहा गुण.

"कारण?" संपादकांनी विचारलं.

"कारण नाही."

"अहो मावशी, दोनाचे दहा, आणि कारण नाही? लोक म्हणतील शिंप्यानं तोंड गोड केलं तुमचं."

छापलं त्यांनी, कोपऱ्यात. लोक तेच म्हणाले. डिझायनरनं काही मास्तरांना परत बोलावलं नाही. मावशी दर आठवड्याला त्या कारखान्यावरून चालत जायची; आत मशीनचा आवाज येतो का, ते ऐकत.

सात महिन्यांनी ती अभिनेत्री गेली. तिनं वर्षभर आजार लपवला होता, हे सगळीकडे छापून आलं. मावशी त्याच दिवशी कचेरीत पोचली. "आता कारण लिहिते."

"बाई गेल्यात, आणि आपण शिंप्याचं काय घेऊन बसायचं?" संपादक म्हणाले. "त्यांचे दहा उत्तम पोशाख निवडून द्या. श्रद्धांजलीचं पान करतोय."

तिनं जांभळा गाऊन सर्वांत वर ठेवला. खाली लिहिलं: थकलेल्या अंगाला यानं शेवटपर्यंत उभं धरलं. त्याखाली मास्तरांचं पूर्ण नाव.

अंक आला तेव्हा तिची ओळ तशीच होती. नाव डिझायनरचं होतं. "शिवणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नाही हो," संपादक फोनवर म्हणाले. डिझायनरचं खूप कौतुक झालं.

मावशी ते पान घेऊन मास्तरांकडे गेली. दोन मशीनं विकली गेली होती. तिसऱ्यावर चादर होती. मास्तरांनी चष्मा लावून पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि घडी करून तिच्या हातात दिलं.

"माझं नाव नाही, ते बरंच झालं," ते म्हणाले. "लोकांनी विचारलं असतं, तुम्हाला आधीच कळलं होतं का म्हणून."