पहिल्या दोन टाक्या

पहिला घोट घेऊन माय थांबली. गालात पाणी धरून तिनं माझ्याकडं पाहिलं, भिंतीवरच्या पाणी गाळायच्या नव्या मशीनकडं पाहिलं, आणि औषध गिळावं तसा तो घोट गिळला. थुंकायचा प्रश्नच नव्हता. माझ्या आईनं आयुष्यात पाणी कधी थुंकलं नाही.

"पाण्याला ताडपत्रीचा वास यायलाय," ती म्हणाली आणि पेला ओट्यावर ठेवून दिला.

मी पिऊन पाहिलं. सायकलच्या नव्या ट्यूबला येतो तसा वास होता, आणि पाणी घशाखाली उतरलं तरी तो मागं जिभेवर राहत होता. मी म्हटलं, "कुठं काय? मला तर नाही येत." त्या मशीनपायी मी जेवढं खोटं बोलले त्याची ही सुरुवात.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबादच होतं आणि सिडकोतल्या आमच्या गल्लीत नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी यायचं. आलं की घागरी, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवायचे. वडील गेल्यावर मी मायला फुलंब्रीकडच्या गावाहून माझ्याकडं आणलं होतं. वर्षभरात तिच्या कंबरेत कळा सुरू झाल्या. तपासण्यांत मुतखडे निघाले. डावी किडनी गेल्यात जमा होती, आणि उजवीवर सगळी भिस्त होती. डॉक्टरांनी तिच्यादेखतच सांगितलं, "रोज तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. तेही गाळलेलं. नाही गेलं, तर उजवीही जाईल आणि मग डायलिसिस."

तीन लिटर! माय दिवसात दोन पेले प्यायची. तिच्या माहेरची विहीर लांब, सासरची त्याहून लांब. घरातल्या गड्यांनी, पोरांनी, गुरांनी पिऊन झालं की बायकांनी प्यायचं, अशी रीत. रानात तहान लागली तर सुपारीचं खांड दाढेखाली धरायचं. साठ वर्षं असं काढल्यावर तहान लागायचीच बंद झाली होती. वर आमच्या टाकीतलं पाच दिवसांचं शिळं पाणी आणि बोअरचं खारट पाणी. म्हणून मी ते मशीन आणलं. चांगलं गोड पाणी असलं की पिईल, असा माझा सरळ हिशेब होता. मी शाळेत गणित शिकवते.

मशीन बसवायला आलेला मेकॅनिक शहागंजकडचा, चाळिशीचा, चष्मेवाला माणूस होता. काम झाल्यावर हात पुसत म्हणाला, "मॅडम, पैली दो टंकी भरके फेक देना. पीने का नई. नया माल है, पानी को बास आता."

मी मान डोलावली. हो म्हटलं. पण खरं सांगते, ते वाक्य माझ्या कानातून आत गेलंच नाही. भरलेली टाकी फेकायची, तीही मार्च महिन्यात, नळ यायला तीन दिवस असताना? असं आमच्या गल्लीत कोणी बोलत नसे, म्हणून ते ऐकूही येत नसे. तो गाडी चालू करून कोपऱ्यावर पोचला नसेल, तोवर मायनं स्टीलचा हंडा घासून मशीनखाली लावला होता.

तिला आधीच त्या मशीनचा राग आला होता. त्याला एक बारीक नळी होती, तिच्यातून वाया जाणारं पाणी मोरीत पडायचं. माय बराच वेळ ती धार बघत उभी राहिली. "एक तांब्या द्यायला दोन तांबे सांडतंय? लई माजलंय की गं हे!" तिनं त्या नळीखाली बादली लावली, आणि त्यानंतर आमच्या घरची फरशी दिवसातून दोनदा पुसली जाऊ लागली.

पण पिण्याचं काही जमेना. वासाला मी नाही ते उपाय केले. हंड्यात तुळस टाकली. वेलदोडे टाकले. लिंबाच्या साली टाकल्या. गुलमंडीतून वाळा आणून माठात सोडला, तर पाण्याला वाळ्याचा आणि ट्यूबचा असे दोन्ही वास येऊ लागले आणि त्या दोघांचं आपसात पटेना. चहा केला तर चहालाही तोच वास. आमचे हे बाहेरून थंड पाण्याचा जार घेऊन आले. मायनं त्याला हात लावला नाही. "पाणी काय इकत प्यायचं असतंय व्हय?" म्हणाली. जावयासमोर एवढंच. ते गेल्यावर मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, मला भिकारी करू नको."

मी हट्टी आहे, आणि माय माझ्याहून. मी फ्रिजवर कागद चिकटवला. प्रत्येक पेल्यामागं एक रेघ मारायची, असं ठरलं. मी शाळेतून आले की कागदावर आठ-नऊ रेघा असायच्या. मी खूश. तिचे पाय मात्र सुजत चालले होते, तोंड कोरडं पडलेलं असायचं, आणि लघवीला गेली की मोरीच्या दाराला धरून कण्हायची. एवढं पाणी जातं कुठं, हे मला कळत नव्हतं.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. मी दार लोटून आत आले तर माय हंड्यावरचं ताट उचलून भरलेला पेला परत हंड्यात ओतत होती. मग ताट झाकून, भिंतीचा आधार घेत ती फ्रिजपाशी गेली आणि कागदावर एक रेघ मारली. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं काय सुबक रेघ मारली होती!

माझं डोकंच फिरलं. मी तिच्यावर अशी ओरडले की वर्गातल्या उनाड पोरांवरही कधी ओरडले नसेन. "मरायचंय का तुला? मरायचंय तर नीट सांगून मर. मला फसवू नको!"

"हळू बोल," ती म्हणाली. "शेजारी ऐकतील. मला नाय जात ते पाणी. मग काय फेकून देऊ?"

मी स्वयंपाकघरात खाली बसले. आईला मर म्हणाले होते. ते शब्द मला परत घेता येईनात आणि माफी मागायलाही तोंड उघडेना. रागाच्या तळाशी नुसती भीती होती, बाकी काही नव्हतं. आई हातातून चालली होती, आणि कशापायी, तर एका वासापायी.

रविवारी तिला थंडी वाजून ताप भरला. फोनवर डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण पाणी पाजा. उद्या संध्याकाळपर्यंत लघवी मोकळी झाली नाही तर भरती करा, मग माझ्या हातात काही राहणार नाही. मी चमच्यानं पाजू लागले. ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. ताप आलेल्या माणसाला वास दुपटीनं येतो की काय, कोण जाणे. चमचा जवळ नेला की मान फिरवायची, आणि पाणी गालावरून उशीवर जायचं.

सोमवारी मी रजा टाकली आणि सकाळीच मेकॅनिकला फोन करून वाट्टेल ते बोलले. तो दहाच्या सुमाराला आला. टाकी उघडली, हुंगली. मग हंडा, मग माठ हुंगला.

"टंकी एक बार भी खाली करी क्या मॅडम?"

मी हंड्यावर ताट झाकलं.

"पैला पानी फेका नई ना? उसी में भरते गए, उसी में भरते गए. बास जाएगी किधर से?" तो मला रागावला नाही. उलट आत खाटेवर पडलेल्या मायकडं बघून त्यानं आवाज खाली आणला. "जहर नई है, डरो मत. पर ये सब फेको. फिर एक टंकी भरो, वो भी फेको. हमारे घर में भी पानी आठ दिन से आता, मालूम है मेरे को. पर फेकनाच पडेगा."

तो गेला. मी हंडा ओढत मोरीपाशी नेला. हंडा, माठ आणि मशीनच्या टाकीत उरलेलं मिळून बाराएक लिटर पाणी असेल. नळ परवा येणार होता, तोही आला तर. बाहेर गल्लीत टँकरपाशी बायकांची भांडणं चालली होती, ती ऐकू येत होती. मी तांब्या बुडवला आणि मोरीत उपडा केला.

पाणी सांडल्याचा आवाज आमच्या घरात इतका अनोळखी होता की मीच दचकले. दुसरा तांब्या उपडा केला. तेवढ्यात मागं खाट करकरली.

"काय करायलीस गं? कामून वतायलीस?"

कालपासून कूस बदलायलाही आधार लागणारी माझी आई दाराची चौकट धरून उभी होती. केस सुटलेले, डोळे तापानं लाल.

"तू पीत नाहीस. ठेवून काय करू?" मी म्हटलं आणि तिसरा तांब्या भरला. ते मी ठरवून बोलले नाही. मी दमले होते, एवढंच.

"आगं थांब. थांब म्हणते ना! पाप लागंल." तिनं माझं मनगट धरलं. हात चटका बसावा इतका गरम होता. मोरीच्या कठड्यावर ती कशीबशी टेकली, माझ्या हातातून तांब्या काढून घेतला, पदरानं नाक दाबलं आणि पिऊ लागली. घटाघट प्यायली. मध्ये ठसका लागला, थांबली, पुन्हा प्यायली. सगळा तांब्या संपवला.

"दे अजून," म्हणाली.

दुसरा अर्धा प्यायली. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि मी तिच्या पायाशी बसून हमसाहमशी रडत होते. मी हातापाया पडले, ओरडले, डॉक्टरांची भीती घातली, तरी तिनं स्वतःच्या जिवासाठी एक पेला धड घेतला नव्हता. पाणी वाया जाऊ नये म्हणून मात्र उठून आली.

"रडू नको," ती म्हणाली. "पण वतू नको."

ते वासाचं पाणी तिनं तीन दिवसांत जवळपास एकटीनं संपवलं. लघवी मोकळी झाली, ताप उतरला, भरती करायची वेळ आली नाही. नळ आल्यावर नवी टाकी भरली, ती मात्र ती अंघोळीला बसलेली असताना मी खालच्या नळीनं गुपचूप गटारीत सोडून दिली. त्यानंतर वास गेला. पाणी खरंच गोड लागू लागलं.

आणि माय पुन्हा दोन पेल्यांवर आली.

आता वासाचं निमित्तही उरलं नव्हतं. मग मी काय केलं, ते बाहेर कोणाला सांगितलेलं नाही. मी भरलेला तांब्या घेऊन मोरीपाशी जायची आणि म्हणायची, "पितेस की वतू?" खाटेवरून मोरी दिसायची. मी तांब्या जरासा कलता करी, चमचाभर पाणी खाली पडे, आणि माय "आगं आगं" करत हात पुढं करी. मग पिऊन टाकायची. दिवसातून सहा वेळा हेच. ह्यांनी एकदा मला टोकलं, "म्हाताऱ्या माणसाला असं छळतात का?" पण मी शाळेत असले की त्यांनाही दुसरं काही सुचेना. कंपनीतून रात्रपाळी करून आलेला माझा सभ्य नवरा सासूसमोर तांब्या घेऊन मोरीत उभा राहायचा आणि म्हणायचा, "मामी, वतू का?"

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "तुम्ही आईला एवढं पाणी पाजता तरी कसं?" मी म्हटलं, "मशीन चांगलं निघालं." त्यांच्यासमोर मान वर करवत नव्हती. लेकीनं आईला धाक घालावा, तोही तिच्या आयुष्यभराच्या कष्टाचा, हे मला कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी तांब्या घेऊन उभी राहायचीच.

असं दीड वर्ष निघालं. दुसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर मायचं जेवण सुटलं. दुखत काही नाही म्हणायची. दोन दिवस भाकरीच्या तुकड्याला शिवली नव्हती. मी शाळेतून आले, हातपाय धुतले आणि तांब्या भरून मोरीपाशी गेले.

"माय, पितेस की वतू?"

ती माझ्याकडं बघत होती. मी तांब्या कलता केला, थोडं पाणी पडलं. तिनं हात पुढं केला नाही.

"वत," ती म्हणाली. "कवर धरशील? हात दुखंल तुझा."

मला वाटलं, आज तिनं माझी चाल ओळखली. मी तांब्या आणखी कलता केला. धार लागली. आता म्हणेल, आता म्हणेल, म्हणून मी तिच्याकडं बघत राहिले, आणि बघता बघता सगळा तांब्या मोरीत गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रिकामा झाला. तोवर तिनं भिंतीकडं तोंड करून पांघरूण वर ओढून घेतलं होतं.

मी ओल्या हातानं कंपनीत ह्यांना फोन लावला. "गाडी घेऊन या," म्हटलं. "माय पाणी सांडू द्यायला लागलीय."

ते म्हणाले, "निघालोच."