पालथ्या बाई

पालथ्या बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मेल्या आहेत असंच मला वाटलं. बहात्तरचा दुष्काळ, जळकोटच्या पुढचा माळ, आणि भर सकाळी एक बाई धोंड्यांत पालथी पडलेली. मी सोसायटीचा कारकून, जातीचा भित्रा माणूस. सायकल टाकली आणि पाण्याची बाटली घेऊन धावलो. बाईंनी मान न वळवताच हात वर केला. "पाणी ठेवा तिथं. आन् हलू नका, भाऊ. धूळ उडतीय."

पाहतो तर हातात कॅमेरा. त्याचं भिंग काढून उलटं धरलेलं आणि समोर सराट्याचं पिवळं फूल, सदऱ्याच्या गुंडीएवढं. झेडपीच्या शाळेतल्या ह्या बाई. सोलापुरात कुणाकडून तरी जुना कॅमेरा घेतला होता. भिंग उलटं धरलं की बारीक वस्तू मोठी दिसते, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं होतं. रविवार उजाडला की बाई माळावर. गावानं नाव पाडलं, पालथ्या बाई. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरोबरच हाय की. उभ्यानं दिसलं असतं तर पालथी कशाला पडले असते?"

फूल तोडू द्यायच्या नाहीत. मी एकदा मोठ्या हौसेनं रुमालात चार फुलं नेऊन दिली. त्यांनी रुमालाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "घरातनं ओढून आणलेल्या पोरीचा फोटो काढला तर ती हसंल का, भाऊ?" त्यानंतर मी रिकाम्या हातानं जाऊ लागलो. वारा पडेपर्यंत त्या दम धरून असायच्या, आणि बघता बघता मीही धरायचो.

गाव टोचायचंच. लोक दुष्काळी कामावर खडी फोडतायत आणि पगारदार बाईला फुलं सुचतायत. खोटं कशाला बोलू, पारावर बसून मीही ह्या बोलण्याला माना डोलावल्या आहेत. बाई ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "भाकरी न्हाय म्हणून डोळे पण मिटून घ्यायचे का? सराट्याचा काटा सगळ्यांना ठावं. त्याचं फूल कुणी बघितलंय? असल्या सालात सुद्धा येतंय ते, कुणाला न विचारता."

एका रविवारी आमच्या सोसायटीचे चेअरमनसाहेब पाझर तलावाचं काम बघायला आले. मागं वही घेऊन मी. बाई भरावाच्या कडेला पालथ्या पडलेल्या. हे काय चाललंय म्हणून साहेब जाऊन त्यांच्या डोक्याशीच उभे राहिले. फुलावर अंधार झाला.

"बाजूला सरका, साहेब. तुमची सावली पडतीय."

खडी फोडणारे हात थांबले. बाई बौद्ध वस्तीतल्या. त्यांच्या आज्याला ह्याच गावात स्वतःची सावली सांभाळत, वाटेच्या कडेकडेनं चालावं लागायचं. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, साहेबांना जरा जास्तच. साहेब सरकले. आधी सरकले, मग संतापले. खडीवरच्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "लेकी, कुणाला बोललीस गं?"

बाईंनी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. "माणसालाच बोलले, आजी."

वर तक्रार गेली. शिक्षिका उघड्यावर असभ्यपणे पडून राहतात, वडीलधाऱ्यांचा अवमान करतात. मजकूर साहेबांचा, अक्षर माझं. पोटासाठी लिहिलं असं मी मनाला सांगत राहिलो. महिन्याभरात बदली आली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सोनारीला. बाईंची आई अंथरुणाला खिळलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

जायच्या दिवशी साहेबांनी निरोप दिला, माफीच्या दोन ओळींवर सही करा, बदली रद्द. तो कागदही मीच लिहिला आणि मीच एसटी स्टँडवर घेऊन गेलो. बाई वळकटीवर बसल्या होत्या, आई त्यांच्या खांद्याला टेकलेली. बाईंनी कागद वाचला.

"अक्षर लई सुरेख आहे तुमचं, भाऊ. तक्रारीवर पण हेच होतं."

मला तिथंच गाडून घ्यावंसं वाटलं. तरी हात जोडले. "सही करा, बाई. आईकडं बघा."

म्हातारीनं डोळे उघडले. "माझ्यापायी करू नगंस," एवढंच म्हणाली.

बाईंनी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं, कागद उलटा केला आणि लिहिलं, 'फुलाला सरकता येत नव्हतं. माणसाला येत होतं. म्हणून माणसाला सांगितलं.' खाली पूर्ण नावाची सही. गाडी लागली तेव्हा मी म्हातारीला चढवायला हात दिला. बाई नको म्हणाल्या नाहीत. तेवढंच माझ्या पदरात पडलं.

ऑफिसात साहेबांनी कागद वाचून माझ्याकडं फेकला. "फाड ते."

"न्हाय फाडणार," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो.

साहेब खुर्चीतून उठले आणि हात पुढं करून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांची सावली माझ्यावर पडली. मी कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, आणि जागचा सरकलो नाही.