सखुबाईंचं खरं वजन

जानकी सिस्टरने वीस वर्षं वॉर्डात उभं राहून काढली आणि आता ती जोगेश्वरीच्या एका ऑफिसात खुर्चीवर बसून नर्सगिरी करते, हे तिच्या सासूला अजून पटलेलं नाही. समोर दोन स्क्रीन. हृदयाचे बेचाळीस पेशंट घरबसल्या रोज सकाळी वजनकाट्यावर उभे राहतात आणि आकडे फोनवरून हिच्याकडे येतात. वजन एकदम दोन किलो चढलं, की अंगात पाणी साठतंय समजायचं. वेळीच कळलं तर गोळीवर भागतं, नाहीतर हॉस्पिटल.

मालाडच्या कोळीवाड्यातल्या सखुबाईंचं वजन मात्र चार दिवस एकसष्ट किलो दोनशे ग्रॅम. इकडे नाही की तिकडे नाही. जानकीच्या मनात पाल चुकचुकली, कारण फोनवर मावशी एका वाक्यात दोनदा थांबून श्वास घेत होत्या.

तिने व्हिडिओ कॉल लावला. "मावशी, काट्यावर उभ्या राहा बघू."

सखुबाई ऐटीत उभ्या राहिल्या. एकसष्ट दोनशे! पण एक हात कुठे दिसेना. चाळीस वर्षं मासळी विकलेल्या बाईला काटा काय शिकवायचा?

"आता दोन्ही हात जोडून एकविरा आईला नमस्कार करा."

सखुबाईंचा चेहरा पडला. डॉक्टरला फसवता येतं, आईला नाही म्हणता येत नाही. त्यांनी अंगाचा भार टाकलेला खिडकीचा गज सोडून हात जोडले आणि आकडा चौसष्टवर गेला.

"बाय, मना ॲडमिट नको करू गो! मागं नऊ दिस तिथं होते, तवर शेजारच्या सुगंधानं बाजारात माज्या जागेवर पाटी मांडली. माज्या सासूपासूनची जागा हाय ती!"

जानकीला राग आला. "म्हणून खोटं वजन? अहो, अजून दोन दिवस लपवलं असतं ना, तर उचलूनच न्यावं लागलं असतं!"

डॉक्टरांशी बोलून तिने गोळी वाढवून घेतली आणि मिठाने पाणी साठतं म्हणून कॅमेऱ्यासमोर सुक्या बोंबलांचा डबा सुनेच्या ताब्यात द्यायला लावला. डॉक्टरांनी बजावलं, सोमवारी वजन बासष्टच्या खाली नसेल तर सरळ ॲडमिट.

रविवारी साडेबासष्ट. सोमवारी जानकी चहा विसरून स्क्रीनकडे बघत बसली. एकसष्ट चारशे! ती टाळी वाजवणार, तोच आला अठ्ठ्याऐंशी. मग त्र्याहत्तर. मग एकशे दोन. स्क्रीन लालेलाल. वाट लागली म्हणत तिने फोन लावला.

समोर मासळीबाजार. पापलेटांशेजारी जमिनीवर काटा, त्याच्यापुढे कोळणींची रांग, आणि आपल्या जागेवर सखुबाई.

"मावशी, हा काय तमाशा? तुमचं एकसष्ट तरी खरं का?"

"हात सोडून केलंय! आता ह्यांचं बघ. कुनाला धाप लागते, कुनाचे पाय सुजतात, पन सांगत नाय कोन. समद्यांना जागा जायाची भीती."

जानकीने वही ओढली.

"एकेकीला द्या फोन."